माझ्या जागी कोण?

मी एक जुना मायटर गेज आहे. मित्रांनो, टेबलात बसवलेली गोल करवत असते ना, तिच्या शेजारच्या खाचेत माझी लोखंडी पट्टी सरकते. माझ्यावर हवा तो कोन लावायचा, लाकूड माझ्या छातीला टेकवायचं आणि मला पुढे ढकलायचं. लाकूड त्याच कोनात कापलं जातं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका छोट्या गावात, लीलंड आणि आर्डिस या नवराबायकोच्या गॅरेजमध्ये मी चाळीस वर्षं काढली. लीलंडच्या चौकटी गावभर प्रसिद्ध होत्या. सांध्यात कागदसुद्धा शिरत नसे. लोक त्याची पाठ थोपटत आणि तो मला थोपटून म्हणे, "सगळी करामत या गड्याची!" मी ते खरं मानलं. मला फार गर्व झाला.

मग लीलंडचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी करवतीला हात लावायला मनाई केली. आर्डिसने चष्मा पुसला, बाह्या दुमडल्या आणि ती करवतीपाशी उभी राहिली. लीलंड कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नुसता बघत राही.

त्या वसंतात गारपिटीने चर्चच्या अष्टकोनी खिडकीची चौकट फुटली. रंगीत काच मात्र वाचली. नवी चौकट करायचं काम आर्डिसने घेतलं. लीलंडने पूर्वी जपून ठेवलेल्या अक्रोडाच्या दोन फळ्या होत्या, एका फळीत एक चौकट. आठ तुकडे, सोळा टोकं, प्रत्येक टोक साडेबावीस अंशांत. तिने दोनदा मोजून कापलं. सात सांधे बसले. आठव्यात बोटाचं नख जाईल एवढी फट राहिली.

"गेज गेला कामातून," आर्डिस म्हणाली. "दुसरी फळी यावर नाही कापायची मी. नवा आणू या."

"चाळीस वर्षं चाललाय तो," लीलंड खुर्चीतून म्हणाला. "आत्ताच बरा बिघडला!"

मला त्याचं बोलणं अगदी पटलं. पण आर्डिसने मला पिशवीत घातलं, खाचेत घट्ट बसणारी एक लाकडी पट्टी मापासाठी घेतली आणि लीलंडलाही गाडीत बसवलं. मित्रांनो, माझ्याच जागी येणारा निवडायला मला नेलं होतं! जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

दुकानदार ड्वेनने काचेवर तीन नवे गेज मांडले. पहिला सोनेरी, लांबलचक, बटणंच बटणं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. पण त्याची पट्टी आर्डिसच्या मापापेक्षा जाड निघाली. मी मनात म्हटलं, बरं झालं मेल्याचं! दुसरा स्वस्त होता. ड्वेनने कोन घट्ट केल्यावरही त्याचं डोकं डगमगत होतं. मला हसू आवरेना. तिसरा साधा, काळसर. त्याच्या पट्टीच्या कडेला बारीक स्क्रू होते. ते फिरवले की पट्टी खाचेत घट्ट बसे. नेहमीच्या कोनांना तो टक्कन अडकत होता. त्याच्यात मला खोड सापडेना. म्हणून तर त्याचा सगळ्यांत जास्त राग आला.

मग ड्वेनने मला उचलून तपासलं. "आर्डिस, याची पट्टी दोन्ही अंगांनी झिजलीय. कोन दाखवणारा काटाही वाकलाय, पाव अंशाचा फरक पडतो. आणि हे आजचं नाही हं, जुनं दुखणं आहे. लीलंडच्या चौकटी जुळायच्या तरी कशा?"

लीलंड खाली बघत होता. तो म्हणाला, "मी काटा खुणेच्या केसभर पुढे लावायचो. पट्टी डाव्या कडेला दाबून धरायचो. हाताला सवय होती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" आर्डिसचा आवाज एकदम खाली आला. "मी कापत होते, तेव्हा तू समोर बसला होतास."

"होतो."

"अख्खी फळी गेली, लीलंड! एक शब्द बोलला नाहीस?"

"बोललो असतो, तर तुझीही चौकट जुळली असती." त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "मग माझं काय उरलं असतं?"

मी गार पडलो. चाळीस वर्षं मी मिरवलेली शाबासकी त्याच्या हातांची होती.

लीलंड उठला. त्याने तिसरा गेज उचलून तिच्यापुढे धरला. "हा घे. याला माझ्या हाताची गरज नाही."

"मला आहे," आर्डिस करड्या आवाजात म्हणाली. "उद्या खुर्ची करवतीजवळ ओढ. आणि तोंड उघडं ठेव."

नव्या गेजवर दुसरी चौकट जुळली. आठवा सांधा बसला तेव्हा लीलंडने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगला बसलाय." तेवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले, ते मीच जाणे.

मला फेकलं नाही. लीलंडने मला तेलाने पुसलं आणि थरथरत्या अक्षरांत माझ्या छातीवर लिहिलं : 'पाव अंश चुकतो. काटा पुढे लावा, डावीकडे दाबा.' आता ओबडधोबड कामाला मला कधीमधी घेतात.

मित्रांनो, त्या काळसर गेजचा हेवा मला आजही वाटतो, खोटं कशाला सांगू? पण तुमच्याकडे एखादं जुनं अवजार असेल तर त्याला तेलपाणी करा, ते झिजलं की वेळेवर दुरुस्त करा. आणि त्याची खोड तुम्हाला ठाऊक असेल, तर ती पुढच्या हाताला सांगा. माझी खोड माझ्यावर लिहिली, त्या दिवसापासून माझ्यामुळे एकही फळी वाया गेलेली नाही.