दोघींपुरती गाडी

नऊ वर्षं मी आणि माझी थोरली बहीण झुलेमा एकमेकींशी बोललो नव्हतो. मग २००३ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी मी रोसारिओतल्या माझ्या दुकानात पडद्याच्या कापडाला टाचण्या लावत होते, तेव्हा फोन वाजला.

"नीदिया?"

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. तोंडातल्या टाचण्या काढून मी म्हटलं, "हो."

"तुझं लायसन चालू आहे ना अजून?"

ना बरी आहेस का, ना काही. "आहे," म्हटलं.

"मग ये. मला गाडी घ्यायची आहे. आत झोपता येईल, दोन घास शिजवता येतील अशी. पोस्टातून मी सुटले. आता दक्षिणेला जायचंय, समुद्राच्या कडेकडेनं, पार खाली. मला गाडी येत नाही, तुला येते."

"एवढ्या मोठ्या देशात गाडी चालवणारी मीच सापडले?"

"दुसरं कोण आहे मला," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आमचं गाव गुआलेगुआय, नदीपलीकडे. पूर्वी तिकडे जायला केवढा वळसा पडायचा, आणि तो वळसा मी नऊ वर्षं सबब म्हणून वापरला होता. त्याच वर्षी नदीवर नवा पूल झाला. सबबही गेली.

खरं कारण वेगळं होतं. आई एका दिवसात गेली अशी झुलेमाची तार आली, आणि मी पोचले तेव्हा शवपेटी बंद झालेली होती. झुलेमा दारातच उभी होती. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या, पाहुण्याबाई आल्या!" शेजारणींनी माना फिरवल्या. मला वाटलं, माझी कीव आली असेल त्यांना. मी तशीच उलट्या पावली परतले, ती नऊ वर्षांसाठी.

तर शनिवारी मी पूल ओलांडून गेले. झुलेमा फाटकातच हँडबॅग धरून उभी होती. अडुसष्ट वर्षांची. केस सगळे पांढरे, जाड भिंगाचा चष्मा. मिठी नाही, पापी नाही. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "जाडी झालीस."

"आणि तू वाळलीस," मी म्हटलं. झालं. एवढ्यावर आम्ही निघालो.

लग्न तिने केलं नाही. छत्तीस वर्षं गावच्या पोस्टात काढली. आमच्याकडची कितीतरी पोरं तेव्हा तेलाच्या कामाला दक्षिणेत गेलेली, त्यांच्या आयांची पत्रं झुलेमाच्या हातून जायची. कामारोनेस, पुएर्तो देसेआदो, सान हुलियान. यातलं एकही गाव तिने पाहिलं नव्हतं. पण कुठल्या गावची थैली कुठल्या वारी निघते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. "ती गावं मला बघायची आहेत," एवढंच ती म्हणाली, "डोळे आहेत तोवर." डोळ्यांच्या डॉक्टरने तिला काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं.

पहिली गाडी पाराना शहरात पाहिली. केवढी थोरली! आत न्हाणी, संडास, फ्रिज, समोरासमोर दोन सोफे. मी हरखूनच गेले. "झुले, हीच घेऊ. म्हातारपणी रात्री उठून झुडपात बसायला मी तयार नाही."

झुलेमा आत जाऊन पार मागच्या टोकाच्या सोफ्यावर बसली. तिथून मला हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही.

"बघ," ती बाहेर येऊन म्हणाली. "हे घर आहे. घर माझ्याकडे आहे. आणि अरुंद रस्त्यात ही वळवताना तू रडशील."

दुसरीला उंच छप्पर होतं आणि पलंग वर माळ्यावर. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर माझा गुडघा कुरकुरला. विकणारा म्हणाला, "सवय होते, सेन्योरा." झुलेमाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं वय काय हो? चाळीस? मग तुम्ही चढा. आम्ही खालून बघतो."

तिसरी बिक्तोरिया गावात, अन्सेल्मो नावाच्या एका म्हाताऱ्या सुताराच्या अंगणात उभी होती. एके काळची पाव पोचवायची गाडी. रंग फिका पिवळा. अन्सेल्मोने ती आतून स्वतःच्या हाताने बांधली होती. बाकाची फळी ओढली की पलंग, पलंगाखाली तीन खण, दाराशी दोन शेगड्या आणि सूप प्यायच्या ताटलीएवढं सिंक. उभं राहायचं तर मान वाकवावी लागायची. दार एकच, बाजूला सरकणारं.

"बायकोसाठी केली होती," तो म्हणाला. "एकदा आली सोबत. म्हणाली, अन्सेल्मो, तू घोरतोस ते घरात दोन भिंतींपलीकडून गोड वाटतं."

झुलेमाने पलंग उघडायला लावला आणि बुटांसकट त्यावर आडवी झाली. मग मला म्हणाली, "ये, झोप."

"इथे? या गृहस्थांसमोर?"

"त्यांनी आयुष्यभर पलंगच केलेत. झोप म्हणते ना."

मी झोपले. खांद्याला खांदा लागला. एकीने कूस बदलली तर दुसरीला बदलावीच लागणार. डोक्यावर हात वर केला की लागेल असं छप्पर, त्याला पाइनच्या पट्ट्या मारलेल्या. नऊ वर्षांत मी तिच्या इतकी जवळ आले नव्हते. तिच्या अंगाला तोच लव्हेंडरच्या साबणाचा वास होता.

"फार लहान आहे, झुले."

"दोघींपुरती आहे," ती छताकडे बघत म्हणाली. "घेतली."

ऑक्टोबरात निघालो. मी गाडीला जाड निळे पडदे शिवले होते. राहू लागल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं की हे राहणं म्हणजे वस्तू जागेवर ठेवण्याचा खेळ आहे. चमचा हरवला तर पलंग उचलावा लागतो, पलंग उचलायचा तर दोन माणसांपैकी एकीला बाहेर काढावं लागतं. त्यामुळे आमचा एक नियमच झाला: एक उभी तर दुसरी बसलेली. सकाळी झुलेमा बसल्या जागेवरून हात लांब करून शेगडी पेटवायची आणि येर्ब्याच्या कडू चहाचा तुंबा भरायची. मी अंथरूण घडी करायचे. तुंबा माझ्याकडे, नळीतून ओढला की परत तिच्याकडे. बोलणं फारसं नव्हतं. बोलायचं ते तिखट-मीठ, पेट्रोल आणि रस्त्याबद्दल. तिला नकाशा वाचता येत नव्हता, पण पुढचं गाव ती नकाशाच्या आधी सांगायची.

"आता सिएरा ग्रांदे येईल. मंगळवारची थैली."

पाऊस आला की गाडीतच पीठ मळून पुऱ्या तळायचो आणि मग दोन दिवस पडद्यांना तेलाचा वास. मुक्कामाला बहुधा पेट्रोलपंपावर मालट्रकच्या रांगेत थांबायचो. ड्रायव्हर लोक आम्हाला 'पिवळ्या मावश्या' म्हणायचे. एकाने विचारलं, "मावशी, यात दोघी मावता कशा?" झुलेमा म्हणाली, "श्वास आळीपाळीने घेतो."

मला हसू आलं. चष्म्याआडून ती माझ्याकडे बघत होती, मी हसते की नाही ते.

नोव्हेंबरात कामारोनेसला पोचलो. छोटं बंदर, पत्र्याची घरं, गोट्यांचा किनारा. झुलेमाने आधी पोस्ट कुठे ते विचारलं, आत गेली आणि काउंटरवरच्या बाईशी तासभर बोलत बसली. बाहेर आली ती लहान पोरीसारखी खुलून. म्हणाली, "आपल्या गावच्या बारवरच्या ओसवाल्दोला आईची पत्रं इथेच यायची. त्या खिडकीतून वाटायचे."

दुसऱ्या दिवशी गावापासून लांब, किनाऱ्यावर गाडी लावली आणि वारा सुटला. दक्षिणेतला वारा म्हणजे काय ते सांगून कळत नाही. तोंड वाऱ्याकडे करून गाडी लावायची, दार आडोशाच्या बाजूला ठेवायचं, आणि तरीही उघडताना दोन्ही हातांनी धरायचं. तीन दिवस तो थांबला नाही. गाडी बोटीसारखी हलत होती, खडे काचेवर तडतडत होते. बाहेर पडायचं ते नाइलाज झाला तरच. पत्ते खेळून झाले, सगळे खण दोनदा आवरून झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कांदा चिरत होते. झुलेमा पलंगावर बसली होती. अचानक म्हणाली, "आई एका दिवसात गेली नाही."

मी सुरी थांबवली.

"अकरा दिवस झोपून होती. तुला विचारायची. नीदिया कधी येणार, नीदिया कधी येणार. मी म्हणायचे, फोन केलाय, निघाली आहे."

"फोन तर तू केलाच नाहीस."

"नाही केला."

"का?"

ती हातांकडे बघत होती. "चौदा वर्षं मी केलं तिचं. अंघोळ, औषधं, सगळं. तू नाताळला चॉकलेट घेऊन यायचीस आणि ती महिनाभर ते चॉकलेट सगळ्यांना दाखवायची. मला वाटलं, निदान शेवट तरी माझा असू दे. एकटीचा. रोज ठरवायचे, उद्या करते फोन. मग ती गेली."

"आणि लोकांना काय सांगितलंस?"

"तेच. कळवलंय, पण कामात आहे, येत नाही."

म्हणजे त्या दिवशी शेजारणींनी माना फिरवल्या त्या यासाठी. नऊ वर्षं सगळं गाव मला आईला टाकून देणारी समजत होतं. आणि आई... आई माझी वाट बघत गेली होती.

मी सुरी सिंकमध्ये टाकली, दार ओढलं आणि बाहेर पडले. वाऱ्याने मला वीस-पंचवीस पावलं तशीच ढकलत नेलं. धरायला कुंपणाचा एक खांब सापडला, त्याला मिठी मारून उभी राहिले. रडले म्हणावं तर अश्रू गालावर टिकत नव्हते. मोठ्याने शिव्या दिल्या, त्या माझ्याच कानात शिरल्या नाहीत. किल्ली माझ्या खिशात होती. मनात आलं, हिला इथेच उतरवावं, पोस्टाच्या दारात, आणि एकटीने परत जावं. गाडी सव्वीस पावलांवर होती. त्या रिकाम्या किनाऱ्यावर, मैलोन्मैल, जायला दुसरी जागा नव्हती.

बोटं बधिर झाली तेव्हा परतले. आतून दार तिनेच ओढलं, दोन्ही हातांनी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला वाटलं, तू पडलीस की काय कुठे. मला इथून काही दिसत नाही, नीदिया. दहा पावलांपलीकडे सगळं धूसर आहे. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन."

मी तिला माफ केलं असं नाही म्हणणार. तेव्हा तर नाहीच. नंतरही अख्खं असं कधी केलं की नाही, ठाऊक नाही. पण थंडीने माझे दात वाजत होते आणि बसायला जागा तिच्या शेजारीच होती.

"सरक," मी म्हटलं.

ती सरकली. मी पांघरुणात पाय घातले. पाय जरा ऊबदार झाल्यावर विचारलं, "अकरा दिवस... काय बोलायची ती?"

मग झुलेमाने सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून. आई काय खायची, कुठलं गाणं गुणगुणायची, मी लहानपणी गाढवावरून पडले ती गोष्ट तिने पाद्रीबाबांना कशी दोनदा सांगितली. जे तिने एकटीसाठी ठेवलं होतं ते सगळं तिने मला दिलं, काही न गाळता. ऐकताना मी कितीदा तरी तिच्यावर ओरडले. ती पुढचा दिवस सांगायची. कांदा तसाच राहिला, त्या संध्याकाळी आम्ही बिस्किटं खाल्ली.

त्यानंतर पाच उन्हाळे आम्ही त्या गाडीत काढले. सान हुलियान झालं, पुएर्तो देसेआदो दोनदा झालं. शेवटच्या दोन वर्षांत तिला काहीच दिसत नव्हतं. मी गाडी चालवताना बोलत राहायचे: डावीकडे ग्वानाकोंचा, त्या लांब मानेच्या रानजनावरांचा कळप, एक कुंपणात अडकलाय, सुटला, समुद्र आज शिसवी रंगाचा. "शिसवी म्हणजे? काळा म्हण की," ती करवादायची. मी म्हणायचे, "काळा नाही ना पण!" गाडीच्या आत मात्र तिला माझी गरज नव्हती. डोळे नसताना मीठ, काडेपेटी, माझी औषधं सगळं तिच्या बोटांना सापडायचं. मोठी गाडी घेतली असती तर हे जमलं नसतं, हे मी तिला एकदा कबूल केलं. तिने ते पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवलं.

२००९ च्या मे महिन्यात ती गेली, माझ्या घरी, दुपारी, माझ्या हातात हात असताना. गुआलेगुआयच्या जुन्या शेजारणींसाठी तिने आधीच एक पत्र लिहून घेतलं होतं, त्या अकरा दिवसांचं खरं सांगणारं, माझ्याकडूनच, शब्द न् शब्द सांगून. मी लिहायला तयार नव्हते. "लिही," म्हणाली, "पोस्टातली बाई आहे मी, पत्र पोचलंच पाहिजे." मातीच्या वेळी त्या चौघी म्हाताऱ्या एकेक करून माझ्याजवळ आल्या. कुणी मान फिरवली नाही.

गाडी अजून आहे. माझं लायसन या वर्षी नव्याने मिळालं नाही, त्यामुळे ती आता अंगणातच असते. पत्रा दोन ठिकाणी गंजलाय. दुपारी ऊन पडदे तापवतं तेव्हा आतमध्ये फार छान वाटतं. मी पलंग ओढते, आडवी होते. सवयीने भिंतीकडे सरकून झोपते.