मला माळ्यावर का टाकलंत?

मी भरमाप्पांच्या उजव्या पायातली वहाण बोलतेय. निपाणीत मला पायताण म्हणतात. म्हणा खुशाल! पण आज माझं तोंड धरू नका, लई दिवस गप्प बसलेय.

आप्पांच्या लेकानं, ज्योतिबानं, बाजारातून आम्हा दोघींना मोठ्या हौसेनं आणलं. करकर वाजत आम्ही घरात शिरलो. आप्पांचा जन्म तंबाखूच्या रानात गेलेला, चिलीम हातातून सुटत नव्हती. पुढं पुढं जरा चाललं की उजव्या पोटरीत गोळा यायचा. उभं राहिलं की ओसरायचा.

बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "पायाला रक्त पुरत नाही. चिलीम आजच सोडा आणि रोज चाला. दुखलं की थांबायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं. पाय वाचवायचा तर हेच औषध. आणि अनवाणी फिरू नका. या पायाला जखम झाली तर भरायची नाही."

आप्पांनी चिलीम फोडली. आम्ही निघालो. आधी शेजारच्या मालुबाईच्या दारापर्यंतच दम निघायचा. हळूहळू तिथं एकदा थांबून पार मारुतीच्या देवळापर्यंत जायला लागलो. काय सांगू, मी झिजत होते आणि मला आनंद होत होता!

पण म्हातारा रोज दारात येऊन मुकाट उभा राहतो, हे बघून मालुबाईला भलतंच वाटलं. तिनं भाकरी पुढं केली. "खावा आप्पा, लाजू नगा."

"आगं, जेवून आलोय. पाय दुकतोय म्हणून थांबलोय," आप्पा हसले.

गल्ली मात्र हसली नाही. कुजबुजली, की लेक बापाला जेवू घालत नाही. ज्योतिबा घरी आला तो पेटूनच.

"दारात गाडी-बैल असताना लोकांच्या दारात उभं ऱ्हाताय? लोक माझ्या तोंडात शेण घालत्यात!"

"आरं, डाक्टरनं सांगितलंय न्हवं?"

"डाक्टर बेळगावात ऱ्हातोय. गावात मला ऱ्हायाचं हाय!"

आणि त्यानं आम्हाला माळ्यावर भिरकावलं, तंबाखूच्या बोदांमागं, म्हणजे गच्च भरलेल्या मोठ्या गाठोड्यांमागं. वर म्हणाला, बापाच्या काळजीनं केलं! अरे, कसली काळजी? तुला काळजी होती ती गल्लीची!

आप्पाही हट्टी. गेले अनवाणीच. बाभळीचा काटा रुतला, एवढासा. जखम चिघळली, बोटं काळी पडली. मी माळ्यावरून ओरडत होते, पण पायताणाचं कोण ऐकतं? बेळगावात पाय गुडघ्यावरून काढला.

मग आम्हाला खाली काढलं, फडक्यानं पुसलं. आता पुसून काय करता? डावी आप्पांच्या कुबड्यांबरोबर बाहेर जाते. मला ज्योतिबा उकिरड्यावर टाकायला निघाला होता.

"टाकू नगंस," आप्पा म्हणाले. "उंबऱ्याभाईर ठेव. वाटंवरनं दिसू दे."

"आप्पा, लोक इचारतील की!"

"इचारू देत. तूच सांग त्यास्नी."

म्हणून मी इथं पडून आहे. तुमच्या घरात असा दुखरा पाय असेल, तर त्याला वहाणा घाला आणि लाज सोडून त्याच्यासंगट चाला. तो थांबला की तुम्हीही थांबा.

काल मालुबाईनं विचारलंच, "ज्योतिबा, ही एकच का रं हितं?"

ज्योतिबानं मान खाली घातली.  तो कधी सांगतोय, याची मी वाट बघतेय.