शेजारची शीट

चंद्रभान सरांची लाल गाडी बोरीत सगळ्यांना ठाऊक होती. उंचीला माणसाच्या कमरेएवढी, दोनच माणसांची, वर कापडी छत, आणि पुढून पाहिलं तर दबा धरून बसलेल्या बेडकासारखी. परभणीच्या एका डॉक्टरांनी ती तरुणपणी मोठ्या हौसेनं घेतली होती. पुढं त्यांचा संसार वाढला, गाडीत मावेना, तेव्हा त्यांनी ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या चंद्रभान सरांना जवळजवळ देऊनच टाकली. सर निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा सामानाच्या टेम्पोला बांधून तीही आली. मग काही वर्षं गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, उंदरांनी वायरी कुरतडल्या.

यंदा सोयाबीन निघालं आणि एका सकाळी सरांनी ती ताडपत्री ओढून काढली. हात झटकत ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि धुरपताबाईंना म्हणाले,

"या गाडीनं शिलाँगला जायचं. भक्तीकडं."

भक्ती त्यांची एकुलती एक लेक. तिथं बँकेत होती. मधे किती राज्यं लागतात ते सर बोटांवर मोजून सांगत राहिले. धुरपताबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "जा की."

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. वालूरचे सिताराम सरांचे शाळेपासूनचे दोस्त, सारी हयात एसटीवर ड्रायव्हर राहिलेले. ते रोज सकाळी मोटारसायकलवर येत आणि दोघं गाडीच्या पोटात शिरत. रेडिएटर उतरवून धुतला, पाण्याचे कुजलेले पाइप बदलले, ब्रेकचं सगळं नवं घातलं. इंजिनाचे काही भाग कुठंच मिळेनात, तर सर हैदराबादला जाऊन जुन्या बाजारातून पोतंभर सामान घेऊन आले. छताचं कापड परभणीत ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून आणलं. खराब रस्त्यावर पोट घासू नये म्हणून स्प्रिंगा उंच केल्या. आरटीओत नेऊन गाडी पुन्हा पासही करून आणली.

धुरपताबाई चहा नेऊन देत, ग्रीसचे कपडे रॉकेलमध्ये भिजवत, आणि येता-जाता नवऱ्याकडं बघत. निवृत्तीनंतर हा माणूस ओसरीवर पेपर घेऊन बसायचा आणि तोच पेपर संध्याकाळी पुन्हा वाचायचा. आता भूक लागली म्हणून स्वतःहून ताटावर येऊन बसत होता, भाकरीचा चौथा तुकडा मागून घेत होता. त्याचं त्यांना इतकं बरं वाटे, की आपल्या मनातली गोष्ट त्या मनातच दाबून टाकत. लेकीचं घर त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. खिडकीतून दिसणारा डोंगर, लाकडी जिना, ओट्यावरचा छोटा कुकर. ते बघायला हे दोघं दोस्त जाणार. बरोबरच आहे, त्या स्वतःला समजावत. एवढ्या लांबच्या रस्त्याला गाडीची नाडी कळणारं माणूस पाहिजे. शिवाय दारात म्हैस आहे, आणि आपले गुडघे हे असे.

निघायचा दिवस जवळ आला तशी सितारामच जाणार यात त्यांना शंकाही उरली नाही. सितारामांनी नवीन कानटोपी घेतली होती. एकदा तर ते चुलीपाशी येऊन बसले आणि वयनी, पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करता, असं विचारून सगळं नीट समजून घेतलं. रस्त्यात शिजवून खायचा बेत दिसतो, असं धुरपताबाईंना वाटलं. त्यांनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, दोन डबे भरले आणि गाडीपाशी घेऊन गेल्या. सर एकटेच होते, हवा तपासत होते.

"सिताराम भावजीला तिखट चालतं का? का त्यांची चटणी येगळी करू?"

"त्याला करून ठेव पायजे तर. पन तो म्हनला, मी माझं करून खाईन."

"गाडीत कुठं करनार?"

सरांनी मान वर केली. "गाडीत? सिताराम हितं राहनार हाय. म्हशीपाशी. तुला म्हनलं न्हाई का मी?"

धुरपताबाईंनी हातातले डबे बॉनेटवर टेकवले. मग हळूच म्हणाल्या, "मंग तुमच्यासंगं कोन?"

आता सरांना उलगडा झाला. ते उठले, हातातलं फडकं त्यांनी घडी करून बॉनेटवर ठेवलं, पुन्हा उचललं. "दोनच शिटा हायत गं. दुसरी कोनाची असंल?"

"तुमी जायचं म्हनलाव. कोनी जायचं, ते कुठं म्हनलाव? मला इचारलंच न्हाई तुमी."

खरंच विचारलं नव्हतं. ते धरूनच चालले होते. लग्न होऊन आल्यापासून धुरपताबाई आहेतच बरोबर, तसं याही वेळी असणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मग शाळेतलं पोर उभं राहतं तसे सरळ उभे राहून म्हणाले, "धुरपता, येतीस का माझ्यासंगं शिलाँगला?"

धुरपताबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. आधी बसून बघते, म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या.

बसणं कसंबसं झालं. एक पाय आत टाकला, दुसरा ओढला, आणि विहिरीत पोहरा जावा तशा त्या धप्पकन खाली गेल्या. पण उठणं काही जमेना. गुडघ्यांनी साथच सोडली. तेवढ्यात सिताराम आले, आणि दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. सितारामांना हसू आलं, धुरपताबाईही हसल्या, पण हसता हसता पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "भावजीलाच घेऊन जा. माझ्याच्यानं हुनार न्हाई."

सरांनी पाना घेतला आणि शेजारची शीट खोलून ओसरीवर आणून ठेवली. इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू त्यांनी तपासला होता. ज्या माणसाला त्यात बसवून न्यायचं, त्याच्या गुडघ्यांचा विचार मात्र केला नव्हता. दुपारी ते शीट घेऊन जिंतूरला गेले, खाली लोखंडी अँगल वेल्डिंग करून ती चार बोटं उंच करून आणली. बसवली, तर धुरपताबाईंचं डोकं छताला टेकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंतूर, दोन बोटं कमी. आता डोकं सुटलं, पण उठताना तीच अडचण.

तेव्हा धुरपताबाईच विचार करायला लागल्या. गाडीत पाय घालून बसायचंच कशाला? बैलगाडीत बसतो तसं आधी बूड टेकायचं, पाय बाहेर, मग दोन्ही पाय संगं आत फिरवायचे. सरांनी दार उघडून धरलं. पाय फिरले, पण लुगडं शिटाला चिकटलं. त्यांनी घरातून जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा आणून शिटावर अंथरला, आणि त्यावरून त्या सरकन वळल्या. उठायला हाताशी काहीतरी पाहिजे म्हणून कासऱ्याचा सुती दोर दुहेरी वळून घेतला. सरांनी तो छताच्या लोखंडी कमानीला पक्का बांधला. त्या दोराला धरून धुरपताबाई उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. सर दाराशी हात पुढं करून उभे होते, पण त्यांना हात द्यावाच लागला नाही.

"चला," त्या म्हणाल्या, "वालूरपोत्तर जाऊन येऊ. बघू, जीव राहतो का."

छताचं कापड काढून दोघं निघाले. रस्त्याच्या इतकं जवळ बसून धुरपताबाईंनी कधी प्रवास केला नव्हता. वेचणीला आलेला कापूस थेट डोळ्यांसमोरून पळत होता. ट्रॅक्टरची चाकं केवढाली मोठी दिसत होती. पदर उडायला लागला तसा त्यांनी तो कमरेला खोचला. ओळखीच्या बायका वेचणी थांबवून बघायला लागल्या, तेव्हा त्यांना आधी लाज वाटली, मग त्यांनीच हात हलवला. परत फिरताना त्या म्हणाल्या, "यवढं हळू कामून चालवायलाव? माझ्यासाठी का गाडीसाठी?"

"तुझ्यासाठी."

"मंग चालवा जरा जोरात."

त्या संध्याकाळी भक्तीला फोन गेला. बाबांबरोबर आईही येणार हे ऐकून ती आधी घाबरली, मग आई, तू गाडीत खरंच बसलीस का, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

पुढच्या सोमवारी उजाडता उजाडता गाडी निघाली. हिंगोली, वाशीम करत त्यांनी नागपूर गाठलं. रायपूरच्या अलीकडं क्लचची केबल तुटली. सरांनी सोबतची नवी घातली, तोवर धुरपताबाईंनी शेजारच्या ढाब्यावरच्या बाईशी खुणांनीच ओळख काढून सरांना हात धुवायला गरम पाणी मागून आणलं. दोघं घाई न करता चालले होते. गुडघे आखडले की गाडी थांबे, थोडं चालून झालं की पुन्हा निघे. लॉजवाले आधी गाडीकडं बघत, मग त्या दोघांकडं, आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

गुवाहाटीच्या अलीकडं ब्रह्मपुत्रेचा पूल लागला. सरांना वाटलं होतं, हिला आधीच सांगू की केवढी नदी आहे. मग त्यांनी ठरवलं, तिचं तिलाच बघू दे. पुलावर गाडी चढली, आणि धुरपताबाईंना दोन्ही अंगांनी पाणीच पाणी दिसलं. राखाडी, संथ, पलीकडचा काठ धुक्यात. मागच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता. सरांनी तरीही गाडी हळू केली. धुरपताबाईंनी पाण्यावरची नजर न काढता आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला, गिअरच्या दांड्यावर, आणि पूल संपेपर्यंत तिथंच राहू दिला. तिथून भक्तीचं घर एका दुपारच्या अंतरावर होतं.