दान पाचाचं, आजोबा म्हणतात चार

मी फासा बोलतोय. थांबा, मला उचलण्याआधी मूठ उघडून दाखवा. रागावू नका, पण माझा कुणावर विश्वास नाही. बोटाने हळूच उलटवणारे, "निसटला, परत टाकतो" म्हणणारे, सगळे नमुने पाहून बसलोय मी. आणि हरले की खापर माझ्याच डोक्यावर: "फासाच खोटा आहे!"

कारखान्यात माझ्या अंगावर एकवीस ठिपके उमटले. मग सापशिडीच्या पटाबरोबर खोक्यात बसून मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांच्या घरी आलो. खोकं नातीसाठी होतं. तिला सगळे बबडी म्हणत. पाच वर्षांची पोर, पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प.

"बाबा, बालवाडीच्या बाई म्हणतात, हिला दहापर्यंतसुद्धा मोजता येत नाही," बबडीची आई सांगत होती. "सोमवारी परत विचारणार आहेत. नाही जमलं तर पहिलीत घेणार नाहीत. मैत्रिणी पुढे जातील आणि ही बसेल तिथेच."

"येतं तिला. बोलत नाही, एवढंच," आजोबा म्हणाले.

मला वाटलं, आंधळा लाड, दुसरं काय!

जेवणाच्या टेबलावर पट मांडला गेला. बबडीने मला टाकलं, तीन पडले. ती नुसती बघत राहिली. शेवटी तिची सोंगटी आजोबांनीच मोजून हलवली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी चाटच पडलो. आजोबांना दान पडलं पाच, चांगलं ढळढळीत पाच, आणि हा गृहस्थ म्हणतो, "सहा!" वर सहा घरं जाऊन शिडीही चढला!

पोरीला फसवतो? या वयात? शी!

पुढच्या डावात दोनाचे तीन झाले, मग चाराचे पाच. आणि हे मिशीतल्या मिशीत हसतायत. पण आता बबडी माझ्यावर वाकून बघायला लागली होती. ठिपक्याठिपक्यावर बोट टेकवायची, ओठ हलायचे, आवाज नाही. मग डोळे बारीक करून आजोबांकडे बघायची. चला, म्हटलं, या घरात कुणीतरी आपल्यासारखं आहे.

रविवारी आजोबांना जिंकायला तीन हवे होते. पडले दोन. "तीन! जिंकलो!"

बबडीने टेबलावर हात आपटला. "खोटं! दोनच आहेत! तू परवा पाचाचे सहा केलेस, मग दोनाचे तीन, मग चाराचे पाच! सारखा एक जास्त घेतोस! लबाड आहेस तू आजोबा!"

आई दारातच थबकली. आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "सापडलो बुवा! ओरड, अजून ओरड!"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. लाज वाटली मला. थोडीशीच.

सोमवारी बबडी मला मुठीत धरूनच बालवाडीत गेली. आजोबांनी बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंनी दहा बटणं मांडली, मोजली आणि म्हणाल्या, "अकरा."

"बाई, तुम्ही पण?" बबडी म्हणाली, आणि दहाही बटणं मोठ्याने मोजून दाखवली. पहिलीत गेली पोर.

त्यानंतर माझी रवानगी कपाटावर. पट घडीवर फाटला, सोंगट्या हरवल्या, बबडी कॉलेजात गेली. आजोबांची नजर अधू झाली, घड्याळांचं दुकान बंद झालं. परवा तिने खोकं खाली काढलं आणि हरवलेल्या सोंगट्यांच्या जागी दोन बटणं ठेवली.

आजोबांच्या बटणापासून पाचव्या घरात मोठ्या सापाचं तोंड होतं. त्यांनी मला टाकलं. पडले पाच. मला नाकापाशी नेऊन ते म्हणाले, "चार."

बबडी वाकली. ठिपके तिला स्पष्ट दिसले. पूर्वीसारखेच तिचे ओठ नुसते हलले. मग म्हणाली, "चारच, आजोबा," आणि त्यांचं बटण चार घरं पुढे सरकवलं.

म्हाताऱ्याला ठिपका दिसला नाही, की साप दिसला? माझा संशय अजून फिटलेला नाही. मिशी किंचित हलली होती. पण मी पाचच होतो, शपथेवर सांगतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

तुमच्या घरीही असेल एखादं गप्प पोर. त्याच्यापुढे टाका मला, आणि खुशाल खोटं मोजा. पण आधी ती मूठ उघडा बघू.