निळ्या लोकरीच्या गाठी

नवं ग्राफिक्स कार्ड घेताना माणसं नवरदेवासारखी मिरवतात, आणि त्याला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा विषय काढला की त्यांचे चेहरे पडतात. वीस वर्षं हेच बघतोय. भलंमोठं कार्ड आणायचं, जुन्या मरतुकड्या सप्लायला जोडायचं, आणि खेळ रंगात आला की मशीन बंद पडतं म्हणून माझ्या काउंटरवर येऊन माझं डोकं खायचं. मग मी पुठ्ठ्यावर बेरीज करून दाखवतो. कार्ड किती खातं, प्रोसेसर किती, बाकीचा पसारा किती. त्यावर थोडी मोकळी जागा, कारण कार्ड क्षणभर उसळतं तेव्हा कागदावरच्या आकड्याला विचारत नाही.

आणि निघताना प्रत्येकाला बजावतो की सप्लाय बदलला तर त्याच्या सगळ्या केबल बदलायच्या. जुनी केबल नव्याला लावायची नाही. तोंड बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्क गेलीच समजा. आमची ही म्हणायची, हे वाक्य तुम्ही झोपेतही बोलता.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले.

ती लोकांची घरं संगणकावर उभी करायची. फर्निचरवाला मापं पाठवायचा, ही कपाटं, ओटे, खिडक्या काढायची, आणि गिऱ्हाईक पडद्यावर त्या घरात फिरून यायचं. दुसऱ्यांचे ओटे काढून कंटाळली की स्वतःचं घर काढत बसायची. ते कुठेच बांधायचं नव्हतं. आम्ही दोन खोल्यांत राहत होतो आणि ही तिकडे भिंती पाडत होती. त्या घरातल्या प्रत्येक खोलीत तिने स्वतःचा आवाज घातला होता. बैठकीत शिरलं की ऐकू यायचं, "ही तुमची खुर्ची. हिच्यावर ओला टॉवेल टाकायचा नाही." खोट्या घरातही मला सुख नाही म्हणून मी तिच्याशी भांडलो होतो.

आजारपणात तिने मागच्या बाजूला आणखी एक खोली वाढवली. काम ती नुसत्या रेषांत करायची, त्यामुळे जुन्या कार्डावर भागायचं. पण रंग, ऊन, झाडं यांसकट आत फिरायला गेलं की चित्र त्या खोलीच्या दारात गोठायचं.

"आत काय केलंयस ते सांग तरी," मी म्हणायचो.

"सांगणार नाही. नवं कार्ड आणा आणि बघा."

मी आज आणतो, उद्या आणतो करत राहिलो. लोकांची मशीनं सुरू करण्यात माझे दिवस गेले आणि तिचे संपले.

कार्ड शेवटी गेल्या महिन्यात आणलं. लेक परगावी नोकरी करते, ती रविवारी येणार होती. फोनवर तिने मला बजावलं, "बाबा, माझ्याशिवाय आत जाऊ नका. आपण दोघं मिळून बघू." फाइल दुकानात नेऊन मोठ्या मशीनवर केव्हाच बघता आली असती. पण मला ती खोली हिच्या टेबलावर, हिच्याच मशीनवर बघायची होती. हा हट्ट माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

रविवारी सकाळी हिच्या मशीनचं कॅबिनेट उघडलं. कार्डाचे तीनशे वीस वॅट, प्रोसेसरचे सव्वाशे, बाकीचे पाऊणशे, म्हणजे पाचशे वीस. जुना सप्लाय साडेचारशेचा होता, तो पुरणार नव्हता. नवा साडेसातशेचा आणला होता. कार्डाला दोन स्वतंत्र केबल दिल्या, एकाच केबलची दोन तोंडं जोडून भागवलं नाही. बोर्डाची केबल बदलली, प्रोसेसरची बदलली. मग आतल्या दोन डिस्कची केबल काढायला मागचं झाकण उघडलं.

ती केबल वरपासून खालपर्यंत निळ्या लोकरीने बांधलेली होती. दर चार बोटांवर एक गाठ, टोकं बारीक कापलेली. हिच्या स्वेटरची उरलेली लोकर. शेवटच्या थंडीत मी एकदा दुकानातून घरी आलो, तर मशीन पुसून, वायरी बांधून तयार. लेक तेव्हा रजा काढून आलेली, ती चहा टाकत होती. ही पलंगावरून म्हणाली, "बघा, अजून हात चालतात माझे." मी इतका हरखलो की त्या संध्याकाळी दोनदा चहा प्यायलो. जी बाई एवढ्या गाठी मारू शकते ती एवढ्यात कुठे जात नाही, असं मी मनाशी धरून बसलो.

नऊ गाठी होत्या. नवी केबल घालायची तर नऊही कापाव्या लागणार. कात्री पहिल्या गाठीपाशी नेली आणि हात पुढे जाईना. सप्लाय नवा असला तरी कंपनी तीच होती, केबलचं तोंडही तेच होतं. मी म्हटलं, एवढी एक राहू दे. ती खटकन बसली.

बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचा दिवा लागला. माझी बेरीज बरोबर होती. मग मागून वास आला.

तो वास मी शंभरदा घेतलाय, पण दरवेळी मशीन दुसऱ्याचं होतं. मी प्लग उपटला तेव्हा उशीर झाला होता. दोन्ही डिस्क खोलून भिंगाखाली धरल्या. माहिती ज्या चिपमध्ये असते तीच फुटली होती, दोन्हींतली. आता यातून काही निघत नाही हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. एकाच डिस्कवर भरवसा ठेवू नकोस, दोन ठिकाणी ठेव, असं मीच हिच्या मागे लागून सांगितलं होतं. हिने ऐकलं. दोन्ही डिस्क त्याच डब्यात होत्या, त्याच केबलवर.

दुपारी लेक आली. चपला काढता काढता म्हणाली, "चालू केलं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. डिस्क जुनी होती, गेली आपोआप, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. गिऱ्हाइकं मला रोज तोंड वर करून असंच सांगतात, मी काहीच केलं नाही म्हणून. पण ती हिच्या खुर्चीत बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं.

"पण केबल बदलायच्या असतात हे तुम्हीच सगळ्यांना सांगता," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग का नाही बदलली?"

"गाठी तुझ्या आईच्या होत्या. कापवेनात."

मग खाली वाकून तिने एका गाठीवरून बोट फिरवलं.

"बाबा, या मी मारल्यात."

मला आधी कळलंच नाही.

"आईला तेव्हा चमचाही धरवत नव्हता. ती पलंगावरून सांगत होती, मी बांधत होते. तुमची यायची वेळ झाली तशी म्हणाली, त्यांना सांगू नकोस. माझे हात चालतात असं वाटू दे त्यांना."

मी आठवून पाहिलं. त्या दिवसांत ही माझ्यासमोर जेवत नसे. भूक नाही म्हणायची. आणि मी, लोकांच्या मशीनमधला बारीकसारीक बिघाड आवाजावरून ओळखणारा माणूस, ते खरं मानून ताट उचलून ठेवत होतो. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. लेक शेजारी येऊन बसली.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आत काय केलं होतं, तुला तरी सांगितलं होतं का तिने?"

"नाही," ती म्हणाली. "मीही विचारलं होतं. म्हणाली, बाबांना एकट्याला आत जाऊ देऊ नकोस, दोघं मिळून बघा."