भिंतीकडे तोंड

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायची तर गोड गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मी घरातली हवा गाळणारा एक जुना एअर प्युरिफायर आहे आणि माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका ताईंनी माझ्या पोटात पांढऱ्याशुभ्र घड्यांचा फिल्टर बसवला. त्या घड्यांत धूळ अडकते आणि स्वच्छ हवा बाहेर पडते. फिल्टर भरला की माझा दिवा लाल होतो. मला बोलता येत नाही, म्हणून ही सोय.

मला या घरी आणलं ते आजोबांसाठी. आजोबा सुतार. आयुष्यभर लाकडाचा भुसा छातीत गेलेला, त्यात हृदय कमजोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "धूळ आणि धूर अजिबात नको. फुप्फुसं दमली की भार हृदयावर येतो." आजोबांनी माझ्या अंगावर टकटक केली. "छे, साधं प्लायवूडसुद्धा नाही!" म्हणाले, आणि माझं नाव ठेवलं जावईबापू. "कोपऱ्यात बसून नुसता घुमतो, आणि कौतुक मात्र याचंच!"

ते दिवस चांगले होते. आजोबांचा खोकला कमी झाला. ते एका दमात विनोद सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. आजी रोज माझं अंग पुसायची.

पण त्यांच्या मुलाला एक वाक्य सापडलं. "मशीन आहे ना!"

तो हॉलमध्येच सिगारेट ओढू लागला. आजी म्हणायची, "अरे, बाबांना त्रास होतो. निदान बाहेर तरी जा." हा सोफ्यावरून हलायचा नाही. "मशीन आहे ना, आई!" अरे, मशीन आहे म्हणून काय झालं? मी धूळ पकडतो, धुरातले थोडे कण पकडतो. सगळा धूर गिळायला मी जादूगार आहे का? माझ्या जिवावर हा धूर सोडायचा आणि वर पाहुण्यांना सांगायचा, "बाबांसाठी खास घेतलंय हो!"

शेवटी माझा फिल्टर भरला आणि दिवा लाल झाला. मुलगा टीव्हीवर सामना बघत होता. "काय कटकट आहे, डोळ्यांवर येतो हा दिवा!" तो उठला. मला वाटलं, आता फिल्टर बदलेल. कसलं काय! त्याने मला उचलून तोंड भिंतीकडे केलं. खोडी कुणाची आणि शिक्षा कुणाला!

हवा आत घ्यायची माझी जागाच भिंतीला टेकली. मी नुसता घरघरत राहिलो. इकडे आजोबांचे विनोद अर्ध्यावर थांबू लागले. एकदा जेवताना त्यांना श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांना घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी केर काढताना आजीने मला फिरवलं.

"अगं बाई! हा कधीपासून लाल आहे?"

"असेल... थोडे दिवस," मुलगा म्हणाला.

आजीने माझं झाकण उघडलं, फिल्टर ओढून काढला आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. घड्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

"बघ नीट. एवढं मशीनने खाल्लं. उरलेलं तुझ्या बाबांनी."

त्याने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून केराच्या सुपलीत टाकलं. बरं झालं. तेव्हा जर "मशीन आहे ना" म्हणाला असता, तर मी तिथेच पेट घेतला असता.

आता माझ्या पोटात नवा फिल्टर आहे, तोंड खोलीकडे आहे आणि घरात सिगारेट बंद आहे. आजोबा घरी आलेत. पण माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल आणि त्याचा दिवा लाल दिसला, तर त्याचं तोंड फिरवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा. तो दिवा त्यांच्यासाठी लागलेला असतो.

काल आजोबांनी त्यांचा आवडता विनोद सांगायला घेतला. अर्ध्यावर दम लागला आणि ते उशीला टेकले. मुलगा समोरच बसला होता. त्या विनोदाचा शेवट त्याला लहानपणापासून पाठ आहे, पण त्याच्या तोंडून तो निघेना.