शिळा अंदाज

तिसरं वर्ष विनेश या बंदरावर घासत होता, आणि आता खरोखर विटला होता. काम एवढंच, की समुद्रातल्या होड्यांचे निरोप किनाऱ्यावरच्या यंत्रात जसेच्या तसे उतरले पाहिजेत. होडीकडून आधी एक ठरलेला इशारा येई. तो वाटेत कितपत बिघडला ते पाहून यंत्र अंदाज बांधी आणि मागून आलेला निरोप सुधारून घेई. बंदरात सगळं झकास. बाहेर होडी लाटांवर वरखाली झाली, की पाण्यावर आपटून आलेल्या रेडिओलहरी मूळ लहरींत घुसत आणि मघाचा अंदाज क्षणात शिळा होई. निरोपाची पार खिचडी!

मच्छीमार सोसायटीच्या खोलीत केसरकाकी जुन्या वायरलेसवर समुद्रात गेलेल्या नवऱ्याशी, सदाशी बोलत होती. त्या खरखरीतून विनेशला एक अक्षर लागेना. काकी मात्र हूं हूं करत होती. तिचे कान आता थकत चालले होते, आणि तिच्यामागे हे ऐकू शकणारं बंदरावर दुसरं कुणी नव्हतं.

"काकी, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"तो दर दोन शब्दांमागं होरीचा नाव घेतो. नाव मना पाठ हाय. तो कसा तुटून येतो त्यावरशी कलतं, पुढचा कसा तुटंल."

होडीचं नाव हाच काकीचा ठरलेला इशारा, तोही पुन्हा पुन्हा येणारा! विनेशने कपाळावर हात मारून घेतला. निरोप भराभर जावेत म्हणून या शहाण्याने इशारा सुरुवातीला एकदाच ठेवला होता. दुपारभर खपून त्याने तो निरोपात जागोजागी पेरला. दुसऱ्या दिवशी भर उधाणात सदाचा निरोप पडद्यावर उमटला: 'जाळं फाटलं. लवकर येतो.' काना-मात्रासुद्धा हलली नव्हती.

मग ऑफिसचा फोन. मिनिटाला चाळीस निरोप ही अट, आणि आता जेमतेम बावीस जात होते.

"इशारे कमी कर आणि बंदरातच मोजून टाक," साहेब म्हणाले. "आकडा आला तर ठीक. नाहीतर सामान उतरव."

तसं केलं तर यंत्र राहिलं असतं, आणि ऐन वादळात लोकांना फसवलं असतं. विनेशने अहवालात बावीसच लिहिले. आठव्या दिवशी सामान उतरवायचं पत्र आलं.

तो शिडीवर चढून अँटेना सोडवायला लागला, तेव्हा काकी खाली येऊन उभी राहिली.

"काय झाला र? चालत होता ना?"

"चालत होतं, काकी. हळू चालतं म्हणतात."

"आमाला कवा घाई होती?"

विनेशला रडूच आलं. हातात पाना धरून तो तसाच शिडीवर उभा राहिला.